अर्ध्या किलोचा चाप

सुभेदार बर्गे रोज सकाळी चहाच्या आधी आपल्या पिस्तुलाच्या चापाला अर्ध्या किलोचं लोखंडी वजन टांगायचे. सुतळी बांधलेलं वजन टेबलावर ठेवायचं, पिस्तुलाची नळी आढ्याकडे करायची आणि श्वास रोखून पिस्तूल सावकाश वर उचलायचं. वजन अधांतरी झुललं आणि तरी चाप सुटला नाही, तर तो स्पर्धेच्या नियमात बसला. 'खट्' झालं, तर नाही बसला. बसला की सुभेदार म्हणायचे, "जड वाटतुया." नाही बसला की म्हणायचे, "लय हलका झाला." समाधानाचा तिसरा प्रकार त्यांच्याकडे नव्हता.

पंच्याहत्तर साल असावं. मी कोरेगावच्या शाळेत विज्ञान शिकवायला नुकताच लागलो होतो आणि सुभेदारांच्या पुढच्या खोलीत भाड्यानं राहत होतो. सुभेदार पलटणीतून निवृत्त होऊन आलेले. सहा फुटी गडी, पांढऱ्या मिशा, आणि येताना साहेबाकडून विकत घेतलेलं हे परदेशी पिस्तूल. ते छर्ऱ्याचं होतं, स्पर्धेत नेम मारायचं. त्यानं चिमणीसुद्धा मेली नसती, पण गावात सुभेदारांच्या परसातून जायला माणसं बिचकत.

परसात गोठ्याच्या भिंतीला वाळूचं पोतं, पोत्यावर कागदाचं टार्गेट. रोज चाळीस छर्रे. मग सुभेदार टार्गेट घेऊन माझ्या दारात यायचे आणि लोक पोटाची तक्रार सांगतात तशी पिस्तुलाची सांगायचे.

"गुरुजी, आज डावीकडं जातंय. खाली बी जातंय. कुटंतरी कसर हाय."

"कुटंतरी कसर हाय" हे त्यांचं कायमचं निदान. चहा, म्हशीचं दूध, पॅसेंजर गाडीची वेळ, माझं लग्न न झालेलं असणं, सगळ्यात कसर. पण पिस्तुलातली कसर हुडकण्यासाठी त्यांनी जे उपाय केले, ते मी कुठल्याही वैद्यानं केलेले पाहिले नाहीत. पेठेतल्या घड्याळजीकडून चापाच्या आतला खटका घासून गुळगुळीत करून आणला. मूळची स्प्रिंग काढून माझ्या बॉलपेनातली घातली. मी आठवडाभर दौतीत टाक बुडवून वह्या तपासल्या. माशीवर, म्हणजे नळीच्या टोकावरच्या खुणेवर, उजेड चमकतो म्हणून ती चिमणीच्या काजळीत काळी केली. नळीचं तोंड थरथरतं म्हणून तिला शिशाचा पत्रा गुंडाळला. मग हात दुखतो म्हणून उलगडला. मुठीवर सायकलची ट्यूब चढवली. ती घामानं चिकटली, ती काढली.

पारूकाकी, त्यांच्या घरधनीण, चुलीपुढून म्हणायच्या, "त्या बंदुकीला नजर लागली आसंल. मीठ-मोहऱ्या ओवाळू का?"

सुभेदार गंभीरपणे विचार करायचे.

त्या हिवाळ्यात सांगलीला नेमबाजीची स्पर्धा होती. सुभेदारांचं नाव गेलं आणि त्यांची झोप उडाली. वजन आता दिवसातून तीनदा टांगलं जाऊ लागलं. जेवताना मध्येच उठून ते पिस्तूल बघून यायचे. बोलता बोलता त्यांच्या उजव्या हाताचं बोट हवेतच चाप ओढायचं. एकदा मी वर्गात ध्वनीचा धडा शिकवत असताना ते खिडकीत उभे राहिले आणि म्हणाले, "गुरुजी, थंडीत स्प्रिंग आखडती का वं?" चाळीस पोरं हसली. सुभेदार हसले नाहीत. त्यांच्या डोळ्यांखाली काळं आलेलं मी तेव्हा पाहिलं. एका स्पर्धेचं माणसानं इतकं मनाला लावून घ्यावं का, असं मला वाटलं, आणि मी उत्तर दिलं, "थोडी आखडते."

"मंग मूठच नवी करू," ते म्हणाले. "लाकूडकामाचा हात मिरजंला."

मिरजेला सतारी आणि तंबोरे करणारे कारागीर. त्यांतले अमीनभाई सुभेदारांच्या ओळखीचे निघाले. मूठ झाली, पण तिच्यातही कसर निघत राहिली, आणि एका रविवारी सुभेदारांबरोबर मीही पॅसेंजरनं मिरजेला गेलो. दुकानात भोपळे टांगलेले, खाली भुशाचा ढीग. अमीनभाईंनी सतारीचा दांडा बाजूला ठेवला आणि सुभेदारांनी पिशवीतून पिस्तूल काढलं. मुठीचं लाकूड सागवानी, बोटांच्या खाचा कोरलेल्या, हात फिरवला तर रेशमासारखी.

"करंगळीखाली जरा तासा," सुभेदार म्हणाले. मला म्हणाले, "बसा गुरुजी, आलोच." आणि गेले.

अर्धा तास झाला, तास झाला. अमीनभाई तारा ओढत होते. मुठीला त्यांनी हात लावला नव्हता.

"तासायची आहे ना?" मी विचारलं.

"काय तासू? मूठ मागच्या महिन्यातच झाली." त्यांनी तार सोडली. "चौथी खेप हाय त्यांची. हितं ठिवत्यात आन् पलीकडं दवाखान्यात जात्यात. वैनींच्या छातीत गाठ हाय म्हनं. तुमी शेजारी, तुमास्नी ठावं न्हाई व्हय?"

मला ठाऊक नव्हतं. पारूकाकींच्या चोळीच्या बाह्या सैल झालेल्या मला दिसल्या होत्या. त्या डावा हात वर करत नाहीत, हेही दिसलं होतं. मी त्याचा कशाशी काही संबंध लावला नव्हता. विज्ञान शिकवत होतो.

सुभेदार दोन तासांनी आले. मुठीवरून अंगठा फिरवून म्हणाले, "आता बरी झाली." अमीनभाई "व्हय" म्हणाले.  परतीच्या गाडीनं किर्लोस्करवाडी सोडली. तेव्हा सुभेदार आपण होऊनच म्हणाले, "डाक्टरनी आपरेशनची तारीख दिली. नेमकी स्पर्धेच्याच दिवसाची. मी सांगलीला जात न्हाई."

पण पारूकाकींनी ऐकलं नाही. दवाखान्यात दाखल झाल्यावर खाटेवर बसून त्यांनी हुकूम सोडला. "आवं, मला आत निजवनार. तुमी भाईर भिंतीला टेकून काय करनार? येरझाऱ्या घालून फरशी झिजवनार. त्यापरीस जावा. गुरुजी, ह्यास्नी घिऊन जावा. चारच्या आत भेटू देनार न्हाईत."

काकींची बहीण जवळ थांबली आणि आम्ही दोघं सांगलीला गेलो.

खेळण्याआधी चापाची तपासणी होती. टेबलामागच्या माणसानं पिस्तुलाला वजन टांगलं आणि उचललं. 'खट्.' त्यानं पुन्हा उचललं. पुन्हा 'खट्.' इतके महिने घासून, बदलून, गुळगुळीत करून चाप हलका झाला होता. "स्क्रू आवळा, नाहीतर खेळता येणार नाही," तो म्हणाला. आता सुभेदार तासभर वाद घालणार, घड्याळजीचं नाव काढणार, स्प्रिंगचा इतिहास सांगणार, म्हणून मी अंग चोरून उभा राहिलो.

त्यांनी खिशातून छोटा पेचकस काढला आणि मुकाट्यानं स्क्रू आवळला. दोन आटे, तीन आटे. वजन टिकलं. नंतर चाप ओढूनही बघितला नाही.

रेषेवर उभे राहिले. हात वर केला.  खाली घेतला, धोतराला पुसला, वर केला, पुन्हा खाली घेतला. शेजारच्यांचे पाच-पाच छर्रे झाले तरी ह्यांचा एक नाही.  मग त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे एकदा पाहिलं आणि दळण दळल्यासारखे चाळीसच्या चाळीस मारून टाकले. टार्गेट हातात घेतलंच नाही.

"चला," म्हणाले.

"निकाल?"

"त्यो कुटं पळतुया."

निकाल मला नंतर कळला. चौदावे आले होते. सांगितल्यावर "व्हय का" एवढंच म्हणाले.

आम्ही दवाखान्यात पोचलो तेव्हा साडेतीन वाजले होते. अर्धा तास सुभेदार व्हरांड्यात उभे होते. बाकावर जागा होती, बसले नाहीत. डॉक्टर आले, म्हणाले, गाठ पुरती काढली, पुढं बघू. सुभेदारांनी त्यांना पलटणीतला कडक सॅल्यूट ठोकला. डॉक्टर गोंधळले आणि त्यांनीही हात कपाळापर्यंत नेला.

पिस्तुलाची पिशवी माझ्याकडे देऊन ते तिथंच राहिले. पुढचे सोळा दिवस.

मी दुसऱ्या रविवारी भेटायला गेलो. काकी खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या, डावा हात छातीशी बांधलेला. सुभेदार मागं स्टुलावर, दातांत रिबन धरून त्यांची वेणी घालत होते. फणी तेलानं निसटत होती. तीन पेडांतला एक सारखा हरवत होता.

"लय घट्ट झाली," काकी म्हणाल्या. "कपाळ वढतंय."

सुभेदारांनी वेणी सोडली. पुन्हा घातली.

"आता सैल. उशीवर सुटंल."

पुन्हा सोडली. वॉर्डातल्या चार बाया बघत होत्या. मी काहीतरी विचारणार होतो. त्यांनी तोंडातली रिबन न काढता मला हातानंच थांबवलं आणि पहिल्यापासून पेड मोजायला घेतले.