जिल्ह्यावरून सहा मिनिटं

आमच्या समोरच्या कापगतेकाकांना सकाळी अकराच्या सुमारास नमस्कार केला, तर उलट नमस्कार मिळत नाही. आकडा मिळतो.

"नमस्कार, काका."

"अठरा हजार सातशे, सर. चढून राहिला."

डोक्यावर ओला पंचा, एका हातात मोबाइल, मान मागे टाकलेली, अशा अवस्थेत ते गच्चीवर उभे असतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, कुठल्याशा सभेची गर्दी सांगताहेत. नंतर उलगडा झाला, की ती नागपूरहून कोलकात्याला निघालेल्या विमानाची उंची होती, फुटांत. मोबाइलच्या नकाशात एक पिवळं विमान मुंगीसारखं सरकतं आणि त्याच्याखाली उंची आणि वेग लिहून येतो. ते विमान भंडारा जिल्हा ओलांडून गेलं, की काका खाली येऊन जेवायला बसतात. त्याआधी नाही.

स्वतः काकांनी जन्मात विमानात पाय ठेवलेला नाही. तीस वर्षं चिखल्याच्या मँगनीज खाणीत, जमिनीच्या पोटात हवा खेळती ठेवणाऱ्या पंख्यांवर त्यांची नोकरी. रिटायर झाले, भंडाऱ्यात घर बांधलं, आणि जन्मभर खाली उतरलेला हा माणूस एकदम वर बघायला लागला. आमच्या हिचं मत पडलं, की मानेचंच काहीतरी असणार, डॉक्टरला दाखवा.

"हवा काय चीज आहे थे मले नोका सांगू," हे त्यांचं पालुपद. "विमानाच्या अंगावर एक नळी रायते, सर. समोरची हवा तिच्यात घुसते. जेवढा जोर, तेवढा आतला काटा वेग सांगते. पण वरते हवा पतली! पतल्या हवेत तेवढाच जोर पायजे, त जास्त पळा लागते. काटा तिथंच उभा, अन् विमान सुसाट. जोर तेवढाच, चाल येगळी!"

मी मराठीचा मास्तर. समजल्यासारखी मान हलवली. पण खाणीतला माणूस नुसत्या मानेवर विश्वास ठेवत नाही. रोवणीच्या दिवसांत त्यांनी मला मेहुण्याच्या शेतावर नेलं आणि चक्क धानाच्या बांधीत, पाण्यानं भरलेल्या खाचरात, उतरवलं.

"चाला."

गुडघाभर चिखल. दहा पावलांत माझा दम निघाला. मग त्यांनी मला ओढून धुऱ्यावर, कडेच्या कोरड्या बांधावर, घेतलं.

"आता तेवढाच जोर लावा."

मी इमानदारीत तेवढाच जोर लावला आणि सरळ पलीकडच्या बांधीत जाऊन आडवा झालो. रोवणाऱ्या बाया पोट धरधरून हसल्या. काका प्रसन्न. "पाहा! याले म्हणते पतली हवा!" माझी एक चप्पल अजून त्या बांधीतच आहे.

हे सगळं मी रिकामपणचा उद्योग म्हणून सोडून दिलं असतं. पण एकदा त्यांच्याकडे चहाला बसलो होतो. काका नेहमीप्रमाणे वर. तिथून ओरडले, "लेव्हल दोनशे!"

सिंधुकाकूंच्या हातातली बशी खाली आली. "बाप्पा! इतकी खाली कायले गेली व माय?"

मला हसू आवरेना. विमानवाले वीस हजार फुटांना लेव्हल दोनशे म्हणतात, हे काकांनीच मला शिकवलं होतं. पण खाणीतल्या लेव्हल खाली मोजतात. पहिली, तिच्याखाली दुसरी, मग तिसरी. आकडा मोठा तेवढं खोल. खाणीच्या कॉलनीत संसार केलेल्या बाईला दोनशे म्हणजे पाताळच. मी समजावून सांगितलं, की आभाळात उलटं असतं. काकू काही हसल्या नाहीत.

आणि मग माझ्यातला मास्तर जागा झाला. विमान नपुंसकलिंगी. मग "गेली" कोण?

"ज्योत्स्ना," काकू हळूच म्हणाल्या. "पोरगी आमची. त्या विमानात हवाईसुंदरी हाये."

नोकरी लागली तेव्हा काका म्हणाले होते, "आभाळात चाय वाटाले शिकवलं का तुले?" त्यावर पोरगी बॅग उचलून गेली. तीन वर्षं झाली, बापलेकीत एक शब्द नाही. फोन येतो तो आईला. ज्या दिवशी ती या विमानावर असते, त्या दिवशी काकू स्वयंपाकघरात भांड्यांना सांगितल्यासारखं मोठ्यानं म्हणतात, "आज आहे जी." काका ऐकलंच नाही असं दाखवतात आणि पंचा ओला करायला जातात. बाकीच्या दिवशीही वर जातातच, तेवढाच सराव.

"वरते गेली की विमान जोरात पळते म्हणते," काकू म्हणाल्या. "मंग सहा मिनिटांत जिल्ह्यावरून निघून जाते. खाली रायली त जरा जास्त वेळ रायते."

मला माझ्या हसण्याची लाज वाटली.

मागच्या आठवड्यात ज्योत्स्नाच्या विमानाला कंट्रोलवाल्यांनी वर चढूच दिलं नाही. चौदा हजारांवरच अडकलं आणि तसंच गेलं. काका गच्चीवरून उतरले ते शीळ घालत. "साडेसहा मिनिटं, सर! अर्धा मिनिट जास्त!" दुपारी काकूंनी हे लेकीला कळवलं असणार, कारण संध्याकाळी आम्ही ओट्यावर बसलो असताना फोन आला आणि काकूंनी तो सरळ काकांच्या हातात दिला. स्पीकर चालूच होता.

"बाबा, आज किती होतं?"

काकांनी दोनदा घसा खाकरला. मग चौदा हजार, मग वेग, मग नळी, मग काटा, सगळं सांगत सुटले. पलीकडून नुसतं "हाव बाबा, हाव बाबा" येत होतं. विमानातली पोर, तिला यातलं काय नवीन? पण तिनं एकदाही तोडलं नाही. शेवटी काकांजवळचे आकडे संपले.

"आज खालून गेली तू," ते म्हणाले. "हळूहळू गेली. लय बरं वाटलं, बेटा."