एडका, कडी आणि मी

सुतार बोलवायचा नाही, कडी आपणच बसवायची, असं मी ठरवलं आणि तिथेच माशी शिंकली. (माझ्या हातात स्क्रू-ड्रायव्हर दिसला की आमच्या घरातली माणसं आपापल्या वस्तू उचलून दुसऱ्या खोलीत जातात.)

मागच्या खोलीचं दार वाऱ्याने सारखं उघडायचं. त्या खोलीत बायकोची मातीची भांडी वाळत होती. वाडगे, सुरया आणि कमरेपर्यंत येणारा एक रांजण. भाजायची अजून बाकी होती. नोकरी सांभाळून, रोज संध्याकाळी बसून तिने ती घडवली होती, कारण पुढच्या आठवड्यात तिचं आयुष्यातलं पहिलं प्रदर्शन होतं. "वारा लागला की तडे जातात हो," एवढंच ती म्हणाली होती. मी दाराला बाहेरून कडी ठोकली. जरा घट्ट झाली, पण घट्ट म्हणजे मजबूत, अशी मी स्वतःची समजूत घातली.

रविवारी बायको प्रदर्शनाचा हॉल बघायला गेली. घरात मी आणि सासूबाई. समोर जनावरांचे डॉक्टर राहतात. त्यांच्याकडे उपचाराला आलेला एक एडका सुई बघून बिथरला, दोर तोडून पळाला आणि आमच्या उघड्या दारातून थेट आत आला.

"जावईबापू, कुत्रं शिरलंय वाटतं," सासूबाई चष्मा शोधत म्हणाल्या.

"कुत्र्याला शिंगं नसतात, आई!" मी सोफ्यावरून ओरडलो. (सोफ्यावर कधी चढलो ते आठवत नाही.)

एडक्याने मान खाली घातली, दोन पावलं मागे सरकला आणि टीपॉय उडवला. पाठोपाठ फुलदाणी, मग टेबलफॅन. सासूबाई जेवणाच्या टेबलावर इतक्या चपळाईने चढल्या की त्यांच्या गुडघेदुखीवरचा माझा विश्वास कायमचा उडाला.

"अहो, कोंडा त्याला कुठेतरी!"

बाहेरून कडी असलेली खोली घरात एकच होती. ती कडी मीच बसवली होती, आणि त्या क्षणी मला तिचा केवढा अभिमान वाटला! उशी पुढे धरून, वेड्यासारखा ओरडत मी एडक्याला पॅसेजमधून रेटत नेलं, आत ढकललं, दार ओढलं आणि कडी घातली.

"कोंडला!" मी विजयाने वळलो. समोर बायको उभी होती, पायात अजून चपला.

"काय कोंडलं?"

"एडका!"

"कुठे?"

उत्तर आतूनच आलं. खळ्ळकन.

मी कडीवर झडप घातली. कडी हलेना. ओढली, ठोकली, लटकलो. बायको ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती आवाज ओळखत राहिली. "वाडगे," ती म्हणाली. थोड्या वेळाने, "सुरई." मग आतून एक मोठा, जड आवाज झाला आणि ती भिंतीला टेकून खाली बसली. तो रांजण होता. इतकी लाज मला जन्मात कधी वाटली नव्हती.

डॉक्टर धावत आले. त्यांनी खांद्याच्या एका धक्क्यात कडी उखडली आणि, "ये रे राजा," म्हणाले. राजा मातीने माखलेला, मान खाली घालून मुकाट बाहेर आला.

"स्वभावाने फार गरीब आहे हो," डॉक्टर म्हणाले. "आरडाओरडा ऐकूनच घाबरला असणार."

टेबलावरून सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातात उशी होती.

संध्याकाळी बायको सगळे तुकडे गोळा करून टबात भिजत घालत बसली. कच्ची माती भिजली की पुन्हा वापरता येते. मी दारात घुटमळत होतो.

"प्रदर्शन?"

"कळवलं त्यांना. आता पुढच्या वर्षी."

"चुकलं गं माझं. फार वाईट वाटतंय."

"हं." तिने एक तुकडा पाण्यात सोडला. "भिजली की चांगली तुडवायला हवी."

"मी तुडवतो! रोज तुडवतो!"

तिने माझ्या पायांकडे पाहिलं, मग तोंडाकडे पाहिलं.

"तुम्ही राहू द्या," ती म्हणाली. "डॉक्टरांना विचारून या, एडका अजून किती दिवस आहे."