भिंगावरचं कुंकू

महायुद्ध ऐन भरात आलं होतं, आणि धानोऱ्याच्या भटू पाटलाने आगगाडीचा फोटो काढायचं ठरवलं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे, हे तोवर कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. जर्मनीच्या तर नाहीच नाही.

धानोऱ्याची माणसं गाडी धरायला सावरवेल स्टेशनात जात. एक फलाट, एक कडुनिंब आणि पाटलाचं नि गड्याचं वजन सारखंच सांगणारा एक निःपक्षपाती वजनकाटा, एवढंच ते स्टेशन. दुपारची पॅसेंजर ओढणारं इंजिन फार जुनं. पंचक्रोशी त्याला 'बुढी' म्हणायची. चढावर बुढी धापा टाकायची, उतारावर शिव्या घातल्यासारखी वाफ सोडायची, आणि शिट्टी अशी मारायची की कोरीटच्या शिवारातली ढोरं माना वर करत.

भटूचा आणि या रेल्वेचा जन्म एकाच सालचा. आई दगूबाई त्याला बांधावर झोळीत टाकून मिरच्या तोडायला जायची. पोर रडायला लागलं की ती बुढीची वाट बघायची. शिट्टी झाली की पोर गप्प. आता भटूच्या मिशा पिकायला लागल्या होत्या, तरी शिट्टी झाली की तो औत उभं करायचा. "हिले सवत म्हणू का सासू म्हणू, मालेच समजत नही," असं त्याची बायको शोभाबाई म्हणायची.

आणि अशात बातमी आली की दिवाळीआधी बुढीला समुद्रापार लढाईवर नेणार. भटूला आई आठवली. दगूबाई गेली तेव्हा तिचा एकही फोटो नव्हता; आता तिचा चेहरा आठवायला डोळे मिटून बसावं लागे, आणि दरवेळी तो थोडा थोडा निसटत चालला होता. बुढीचं तसं होऊ द्यायचं नाही. भटू सुरतेला गेला आणि एक खोका-कॅमेरा घेऊन आला. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी तो फलाटावर उभा राहिला, खोका छातीशी धरला, बुढी धुराचा लोट सोडत आली, आणि भटूच्या खांद्यावर सरकारचा हात पडला.

हात इंद्रसिंग जमादारांचा होता. फलाटाला लागूनच त्यांची चौकी होती.

"पाटील, आगगाडीचा फोटो काढायला मनाई आहे."

"भाऊसाहेब, मी काय बॉम्ब टाकी ऱ्हायनू का? फोटो काढी ऱ्हायनू!"

"तेच ते. फोटो शत्रूच्या हाती पडला तर? इथे गाडी येते हे त्याला कळेल."

भटूने भिंतीकडे बोट केलं. "मंग ते काय शे?"

तिथे रेल्वेने स्वतःच्या हाताने, ठळक अक्षरांत, वेळापत्रक लावलं होतं. जमादारांनी ते वरपासून खालपर्यंत वाचलं. वाचता वाचता त्यांच्या कपाळावर घाम आला. एवढी वर्षं हा फितूर भिंतीवर उघड लटकत होता आणि कुणाला पत्ता नाही! त्यांनी तात्काळ वेळापत्रक उलटं करून भिंतीकडे तोंड करून टांगायला लावलं. मग त्यांची नजर स्टेशनच्या नावाच्या पाटीवर गेली. अरे बापरे. तिच्यावर मालधक्क्यावरचं एक रिकामं पोतं चढवण्यात आलं.

पोतं मिरचीचं होतं. वारा सुटला की फलाटावर ठसका उठायचा. स्टेशनचं नाव दिसेनासं झालं, पण उतारूंना काही अडचण पडली नाही; डब्यात शिंका सुरू झाल्या की ते बोचकी उचलायचे. "सावरवेल आलं वाटतं," असं म्हणून उतरायचे. हे जमादारांच्या ध्यानात आलं तेव्हा फलाटावर शिंकायला मनाई झाली. मग लोक नाक धरून बसू लागले. सगळा डबा नाक धरून बसतो तेच सावरवेल, हे तर आंधळ्या हेरालाही कळेल म्हणून नाक धरायलाही मनाई झाली. त्या दिवशी बरेच उतारू थेट भुसावळला पोचले.

हे सगळं पुढच्या दिवसांतलं. इकडे पहिल्याच दिवशी खोका जप्त, आणि भटू चौकीच्या ओट्यावर अटकेत. इंद्रसिंग माणूस वाईट नव्हता. त्यांची स्वतःची वरात बुढीच्या मागच्या डब्यातून आली होती. रात्री त्यांनी घरून भाकरी आणि वांग्याचं भरीत आणून भटूपुढे ठेवलं. "खा," ते म्हणाले, "कायदा आपल्या जागी, पोट आपल्या जागी." भटू जेवला, पण नजर कपाटावरच्या खोक्यावरून हलेना.

उजाडली खंडेनवमी. या दिवशी ज्याच्या त्याच्या हत्याराची पूजा. शेतकरी औत पुजतो, सुतार करवत पुजतो, ड्रायव्हर इंजिन पुजतो. मग चौकीनेच काय घोडं मारलंय? जमादारांनी पाटावर लाठी मांडली, बेड्या मांडल्या, शिक्का आणि दौत मांडली, साहेबांसाठी राखून ठेवलेली खुर्ची मांडली. आणि जप्त केलेला मालही सरकारचाच, म्हणून खोका मांडला. मग तेलात कालवलेलं कुंकू घेऊन एकेकाच्या कपाळी बोट लावत निघाले. खोक्याला कपाळ सापडेना. एक वाटोळा डोळा तेवढा होता.

"आरे आरे! डोयाले नका लावू, भाऊसाहेब!" भटू ओट्यावरून ओरडला.

"सणाचं कुंकू आहे. सणाच्या कुंकवाला नको म्हणू नये," जमादार म्हणाले, आणि भिंगाच्या बरोबर मधोमध त्यांनी ठसठशीत टिळा रेखला. वर झेंडूचं फूल ठेवलं.

तेवढ्यात जिल्ह्याचे साहेब तपासणीला हजर झाले. मनुष्य देशी, पण शिस्त विलायती. त्यांनी पंचनामा मागवला आणि त्यांच्या भुवया वर गेल्या.

"गुन्ह्याच्या जागेचं छायाचित्र कुठे आहे?"

"साहेब, छायाचित्र काढायला मनाई आहे."

"मनाई जनतेला. सरकारला कसली मनाई? ताबडतोब काढा. गुन्हा घडला तेव्हा इंजिन उभं होतं, म्हणजे इंजिन उभं असतानाच काढलं पाहिजे. कॅमेरा कुणाला चालवता येतो?"

सगळ्यांनी भटूकडे पाहिलं.

"छान," साहेब म्हणाले. "आरोपीकडूनच काढून घ्या. गुन्हा त्याचा, जागाही त्यालाच नेमकी ठाऊक असणार."

भटूला आधी कळेचना. कळलं तेव्हा त्याच्या मनात लाडू फुटले. ज्या फोटोपायी कैद, तोच फोटो, आणि तोही सरकारी हुकमाने! दुपारी बुढी आली ती झेंडूच्या माळा घालूनच. शोभाबाई चार बायकांना घेऊन तिची ओटी भरायला आली होती. ड्रायव्हर नारळ फोडायला वाकला. भटूने खोका हाती घेतला आणि मान वर करून म्हणाला,

"साहेब, तेवढं भिंगावरलं कुंकू पुसनं पडी."

ड्रायव्हरचा नारळ हवेतच राहिला.

"कुंकू पुसायचं?" जमादारांचा आवाज फाटला. "आज? सवाष्णींच्या देखत?"

खंडेनवमीला, लढाई चालू असताना, सरकारी हत्याराचं कुंकू पुसायचं! कुणाचा नवरा धोक्यात येईल याचा काय नेम? साहेबही कुणाचे तरी नवरे होतेच. त्यांनी टोपी काढली, घाम पुसला, पुन्हा घातली.

"सरकार कुणाच्याही धर्मात ढवळाढवळ करत नाही," ते गंभीरपणे म्हणाले. "आहे तसं काढा."

भटूचा अंगठा भिंगाकडे गेला. एकदा घासलं की झालं, कोण बघतंय? पण शोभाबाई बघत होती. तिने हळूच आपल्या कपाळाला हात लावला. अंगठा मागे आला. समोर बुढी माळा घालून नवरीसारखी उभी, अशी ती पुन्हा कधी दिसायची नव्हती. भटूचे डोळे भरून आले, आणि भरल्या डोळ्यांनी त्याने खटका दाबला.

नंदुरबारच्या फोटोवाल्याने तो धुऊन दिला. डाव्या कोपऱ्यात धूर, उजव्या कोपऱ्यात जमादारांचा अर्धा फेटा, खाली नारळाची करवंटी, आणि मधोमध काळाकुट्ट गोळा. बुढी नावालासुद्धा नाही. भटूने तो एकदा पाहिला आणि पालथा ठेवला.

साहेबांनी मात्र तो उजेडात धरून पाहिला आणि त्यांना परमानंद झाला. त्यांनी शेरा मारला: 'छायाचित्रात इंजिन आढळून येत नाही. सबब, जागेवर इंजिन नव्हते. सबब, इंजिनाचा फोटो काढण्याचा गुन्हा घडणे शक्य नाही. आरोपीस सोडावे.' पाठोपाठ हुकूम निघाला की यापुढे तालुक्यात कुणीही कशाचाही फोटो खुशाल काढावा, मात्र भिंगाला आधी चौकीतून कुंकू लावून घ्यावं. लोक खूश झाले. त्या सालच्या लग्नांच्या फोटोंत वऱ्हाडी छान आले आहेत. नवरानवरीच्या जागी गोळा आहे. पण लग्न कायदेशीर आहे.

दिवाळीला चार दिवस राहिले असताना लष्कराचा एक गोरा अंमलदार बुढीला न्यायला आला. स्टेशनमास्तरांनी त्याच्यापुढे साहेबांचा शेरा ठेवला.

"इथे इंजिन नाही, असा पोलिसांचा दाखला आहे."

अंमलदाराने मागे वळून पाहिलं. बुढी दहा हातांवर उभी राहून त्याच्या विजारीवर वाफ सोडत होती. त्याने इंजिनाकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं, कागदावरच्या शिक्क्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मग त्याने शिक्क्याला सलाम ठोकला आणि रिकाम्या हाताने परत गेला.

काय तो आनंद! भटूने गावभर गूळ वाटला. शोभाबाई म्हणाली, "सासू घर राही गयी बाई." फोटो गेला तर गेला, बुढी तर राहिली. हाताच्या काकणाला आरसा कशाला?

पण आनंदाला नियम असतात. इंजिनच नाही म्हटल्यावर ते दिसलं असं म्हणणं म्हणजे अफवा, आणि युद्धकाळात अफवेला तुरुंग. इंद्रसिंगांनी तशी दवंडीच पिटवली. म्हणून दुपारी शिट्टी झाली की भटू पूर्वीसारखाच औत उभं करायचा, फक्त रुळांकडे पाठ करून. सगळी धानोरा-कोरीटची माणसं त्या गाडीत बसत, बाजाराला जात, परत येत, आणि कशाने आलात म्हणून विचारलं तर म्हणत, "आलो आपले." पुढे पुढे पोरंही शिकली. नसलेल्या गाडीला फाटक कशाला, असा वाजवी प्रश्न कुणीतरी वर विचारला, आणि धानोऱ्याच्या वाटेवरचं फाटक व फाटकवाला दोन्ही काढून नेण्यात आले.

पौषात एका दुपारी भटूची चंद्री म्हैस तिथूनच रूळ ओलांडत होती. गाभण होती, जड पावलांची. भटू पाठ करून उभा होता. शिट्टी त्याने ऐकली, नेहमीसारखी कौतुकाने ऐकली. मग दुसरा आवाज ऐकला.

इंद्रसिंग जमादार पंच घेऊन आले. त्यांचा चेहरा उतरलेला होता, पण पंचनामा तो पंचनामा.

"पाटील, म्हैस कशाने मेली?"

बुढी जरा पुढे जाऊन थांबली होती. तिच्या पुढच्या दांड्यावर रक्त होतं. 'इंजिनाने' एवढा एक शब्द भटूच्या जिभेवर आला. तो बोलला असता तर बुढी दुसऱ्या दिवशी लढाईवर आणि भटू तिच्याआधी आत. त्याने चंद्रीकडे पाहिलं, तिच्या उघड्या डोळ्याकडे पाहिलं.

"वाराघाई मरनी, भाऊसाहेब."

"वारा कुठून कुठे होता?"

"सुरतथून भुसावळकडे."

"शिट्टीबिट्टी ऐकलीत?"

"वारानीच शीळ घाली."

जमादारांनी ते अक्षर न् अक्षर उतरवून घेतलं. पंच एकेक करून अंगठे उठवू लागले. त्यातल्या एकाने तर मेहेरबानी म्हणून जोड दिली की त्या वाऱ्याला मागे डबेही होते. त्याला इतरांनी कोपरखळी मारून गप्प केलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

शोभाबाई चंद्रीच्या डोक्याशी बसली होती. तिने पदराने डोळे पुसले आणि नवऱ्याकडे मान वर करून पाहिलं.

"एक सांगा. कुंकू त्या डबाना डोयाले लागनं व्हतं, का तुम्हना डोयाले?"

बुढीने शिट्टी दिली. औत उभं करायला या वेळी भटूच्या हातात औत नव्हतं.

तुम्ही हसलात ना? हसा की, हसायला कुठे मनाई आहे. पण तुम्ही तर पहिल्यापासून इथेच उभे आहात. बुढी पाहिलीत, तिची वाफ पाहिलीत, दांड्यावरचं रक्तही पाहिलंत. जमादारांचा पंचनामा अजून पुरा व्हायचाय, आणि मघाचा तो वाऱ्याला डबे जोडणारा पंच अंगठा न उठवताच पळून गेल्यामुळे एक जागा रिकामी आहे. येता पुढे? फक्त एकच शब्द सांगायचाय.

नाही? घाईत आहात? बरं, राहू द्या. जाताना तेवढा चष्मा पुसून घ्या. पुसवत असेल तर.