पेडणेकर सर वह्या तपासतात

बँकेतल्या त्रिपाठींना भर मीटिंगमध्ये फोन आला. पलीकडे पेडणेकर सर. नमस्कार नाही, वेळ आहे का म्हणून विचारणं नाही. एकदम म्हणाले, "त्रिपाठी, तुमच्या निबंधातले काका विहिरीत पडलेत, की विहीर काकांच्या वाट्याला आलीय? आणि पडले असतील तर वर आले का?"

समोर साहेब बसलेले. त्रिपाठी तोंडावर हात धरून म्हणाले, "वर आले सर. त्याच दिवशी आले."

"मग तसं लिहा ना. तुमच्या वहीत ते अजून आतच आहेत. मला सकाळपासून चहा गोड लागेना."

हे त्रिपाठींनीच मला सांगितलं, तक्रार म्हणून. तक्रारी माझ्याकडे येतात, कारण लालबागच्या आमच्या वाचनालयाची मी चिटणीस आहे. किल्ल्या, हजेरीपट, खडू, पंख्याची दुरुस्ती आणि पेडणेकर सर, हे सगळं माझ्या यादीत असतं. पहिल्या मजल्यावर आम्ही अमराठी लोकांसाठी मराठीचा वर्ग चालवतो, आठवड्यातून तीन संध्याकाळी. बदली होऊन आलेले बँकेचे लोक येतात, परळच्या इस्पितळांतल्या नर्सेस येतात. सर पस्तीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झालेले. मानधन घेत नाहीत. मात्र पेन्सिली चांगल्या लागतात.

पेन्सिलीच. लाल पेन ते हातात धरत नाहीत. मी डझनभर आणून दिली होती, ती त्यांनी खाली वर्तमानपत्रांच्या टेबलावर ठेवून टाकली. तेव्हापासून आमच्याकडचे आजोबा शब्दकोडी लाल शाईत चुकवतात.

सरांची तपासायची पद्धत अशी. पहिल्या वाचनाला हातात काहीही घ्यायचं नाही. पेन्सिल लांब, खडूच्या डब्यात. हात पाठीमागे बांधून, टेबलावर वाकून ते वही वाचतात. एखाद्या वाक्याचा अर्थ लागला नाही तर लिहिणाऱ्याला फोन. "म्हणायचं काय होतं तुला?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. अर्थ लागला की मग पेन्सिल हातात येते. पण ती चुकांसाठी नसते. निबंधाखाली अर्धं पान कोरं ठेवायचं असा वर्गाचा नियम आहे, आणि त्या अर्ध्या पानावर सर उत्तर लिहितात. शेरा नाही, उत्तर. आलेल्या पत्राला लिहावं तसं. चुका त्यानंतर, म्हणजे पुढच्या वाचनात, आणि त्याही समासात एक बारीक टिंब देऊन. या ओळीत काहीतरी आहे, काय ते तुम्ही शोधा.

वरंगळहून आलेल्या भार्गवी नावाच्या नर्सने 'माझी खोली' या विषयावर सहा ओळी लिहिल्या होत्या. त्यातल्या एका ओळीत तिच्या हॉस्टेलचा नळ दिवसभर रडत होता. सरांनी खाली लिहिलं, 'अर्धा इंची वॉशर लागेल. वॉर्डन ऐकते का? नसेल तर कळव.' पुढल्या वर्गाला ते खिशातून वॉशर घेऊन आले. सहा ओळींत चुका अकरा होत्या. वॉशर एक मिळाला.

मला हे पटेना. मी व्यवस्थेवर विश्वास ठेवणारी बाई आहे. बावीस वह्या, एकेका वहीला पाऊण तास, आणि वर्षाअखेरीला यातल्या निम्म्या लोकांची खात्याची मराठीची परीक्षा. मी एका रविवारी बसून चुकांची यादी केली. एक म्हणजे लिंग, दोन म्हणजे वचन, तीन म्हणजे काळ, असं थेट बारापर्यंत. समासात नुसता आकडा टाकायचा, की काम झालं. सरांना प्रत दिली. त्यांनी ती दोनदा वाचली, हात मागे बांधून.

"सुरेख झालीय. तुमची एकही यादी वाईट नसते, चिटणीसबाई."

माझ्या शब्दाखातर त्यांनी एक आठवडा आकडे टाकले. शनिवारी भार्गवी वही घेऊन माझ्या टेबलाशी आली. "मॅडम, मी बेरीज केली. एकवीस होते. कितीपैकी?"

मागे त्रिपाठी उभे होते. त्यांना चौतीस पडले होते आणि ते वर्गात पहिले आल्याच्या थाटात होते.

यादी मी भिंतीवर लावली. अजून तिथेच आहे.

पण त्रिपाठींची तक्रार काही मिटली नाही. बढती त्या परीक्षेवर अडली होती. "मॅडम, सर चांगला माणूस आहे. मला रोज विचारतात, काका कसे आहेत. पण परीक्षेला मी बसणार, काका नाही बसणार!"

म्हणून एका गुरुवारी वर्ग सुटल्यावर मी सरांना थांबवून घेतलं. हातात पाच मुद्द्यांचा कागद होता. पहिला मुद्दा वेळेचा, तो त्यांनी मान्य केला. दुसरा मी वाचला: चूक स्पष्ट लाल शाईत दाखवावी, म्हणजे विद्यार्थ्याच्या डोक्यात राहते.

सर खडूची पूड झटकत होते. म्हणाले, "राहते ना. चांगली राहते. आमच्या घरात एकेचाळीस वर्षं राहिलीय."

पुढचे तीन मुद्दे राहूनच गेले.

सरांच्या पत्नीला, सुगुणावहिनींना, मी ओळखत होते. दरवर्षी हळदीकुंकवाला भेटायच्या. माहेर नायगावचं, घरी तेलुगू, वडील गिरणीत विणकर. शाळा म्युनिसिपालिटीची, तीही तेलुगू. मराठी बोलायला त्या रस्त्यावर शिकल्या, लिहायला बऱ्याच उशिरा. सर तेव्हा डिलाईल रोडला राहायचे, नवीन मास्तर झालेले. एका ग्रंथालयात दोघांची ओळख झाली. बोलणं व्हायचं ते कपाटांच्या मधे, दबक्या आवाजात. मग एकदा त्यांनी सरांना पत्र लिहिलं. आयुष्यातलं पहिलं मराठी पत्र.

"दहा ओळींचं होतं," सर म्हणाले. "मला काय आनंद झाला म्हणून सांगू! लगेच बसलो आणि तपासलं."

"तपासलं?"

"लाल शाईनं. नऊ चुका. खाली लिहिलं, 'प्रयत्न चांगला, अक्षर सुधारावे.' दहापैकी सहा दिले. आणि टपालानं परत पाठवलं."

मला हसू आलं. सरही हसले, पण माझ्या आधी थांबले.

"त्या पत्रात काय होतं माहिती आहे? रविवारी चार वाजता शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर ये, मी वाट बघते. मी ते वाक्यही दुरुस्त केलं होतं. मेल्या पेडणेकराक दिसलाच नाय बघा. वाचलं, पण दिसलं नाही. रविवारी मी घरी सहामाहीचे पेपर तपासत बसलो होतो. ती दिवे लागेपर्यंत बसली."

"मग लग्न कसं झालं?"

"झालं. तिचं मन मोठं. पण त्यानंतर तिनं मला मराठीत एक ओळ लिहिली नाही. दुकानाची यादीसुद्धा तेलुगूत. ती मी दुकानात न्यायचो. शेवटी वाण्याला तेलुगू वाचता यायला लागलं, चिटणीसबाई. मला नाही."

मी म्हटलं, "शिकायचं होतंत."

"गरज काय होती? बोलायची मराठीच. फर्डी. मला वाटायचं, एवढं बोलते, त्यात सगळं येत असेल."

गेल्या वर्षी वहिनींना पक्षाघात झाला हे मला माहीत होतं. भेटायला गेले होते, फळं दिली होती, यादीत खूण केली होती. मला माहीत नव्हतं ते हे, की उजव्या हाताबरोबर त्यांची मराठीही गेली. थोडं बोलता यायला लागलं ते तेलुगूच. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी, नंतर शिकलेली भाषा आधी जाते. मराठीतलं थोडं समजतही असेल, सांगता येत नाही. सर सकाळी चहा घेऊन जातात, म्हणतात, "सुगुणा, चहा." त्या म्हणतात, "वद्दु." म्हणजे नको. तेवढं सरांना कळतं. पुढे त्या बरंच काही बोलतात, अगदी सरांकडे बघून, आणि सर नुसती मान हलवतात.

"एकेचाळीस वर्षांनी माझ्या घरात मी मान हलवतो. परक्या गावच्या बसमध्ये हलवतात तशी."

तेव्हा मला कळलं, की वर्ग सुटल्यावर भार्गवी अर्धा तास का थांबते. हजेरीपटात मी त्यापुढे 'जादा तास?' असं लिहून ठेवलं होतं. जादा तास होता, पण सरांचा. ती शिकवत होती आणि सर चौरेघी वहीत तेलुगू अक्षरं गिरवत होते. भार्गवीला त्यांच्या चुका काढायची लाज वाटायची. सर म्हणायचे, "अगो, काढ. घाबरतेस काय? पण आधी सांग, कळलं का तुला, मला काय म्हणायचंय?"

त्या संध्याकाळी मी त्रिपाठींना स्वतःच शिकवणी द्यायचं ठरवलं, आकड्यांची यादी समोर घेऊन. त्रिपाठी पास झाले. निकाल सांगायला पेढे घेऊन आले आणि पहिला पेढा सरांना दिला. सर म्हणाले, "काकांना कळवलंत?" त्रिपाठी म्हणाले, "सर, पहिला फोन त्यांनाच." मग माझ्याकडे वळून, जरा ओशाळून म्हणाले, "मॅडम, तुमचे आकडे कामी आले. पण वही मी सरांच्या उत्तरांसाठी ठेवणार आहे."

मे महिन्यात वर्गाची प्रमाणपत्रं छापून आली. सोमवारी ती वाटायची होती, सरांच्या सह्या राहिल्या होत्या. रविवारी दुपारी मी त्यांच्या घरी गेले. लिफ्टमधून बाहेर आले तर दार उघडंच. सर इस्त्रीचा शर्ट घालून, पायांत बूट चढवून खुर्चीत ताठ बसलेले. चाकांची खुर्ची घडी करून दाराशी उभी. वहिनी खिडकीजवळ पलंगावर, पाठीला उशा, मांडीवर वही. डाव्या हातात पेन्सिल.

"कुठे निघालात?" मी विचारलं.

"अजून ठरायचंय," सर म्हणाले. आवाज परीक्षेच्या हॉलमधल्यासारखा खाली. "बसा. तपासणी चाललीय."

झालं होतं असं, की सर गेले सात रविवार वहिनींना तेलुगूत पत्र लिहीत होते. दर वेळी तेच पत्र. आज चार वाजता शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर येशील का? मी वाट बघतो. खाली अर्धं पान कोरं. डॉक्टरांची परवानगी होती, खालचा टॅक्सीवाला सांगून ठेवलेला. वहिनी दर वेळी पत्र वाचायच्या आणि चुकांभोवती गोल काढून वही परत द्यायच्या. कोऱ्या पानावर काहीही नाही. सर बूट काढून ठेवायचे आणि पुढल्या रविवारपर्यंत ते गोल दुरुस्त करायचे.

"पहिल्यांदा चौदा गोल होते," ते मला म्हणाले. "मागल्या खेपेला तीन. भार्गवी म्हणते, आता एकही निघायचा नाही."

"आणि नाही निघाला, की?"

"की मग उत्तर देईल ना. उत्तर द्यायचं नसतं तर वही उघडली असती का तिनं?" मग त्यांनी हात पाठीमागे घेतले आणि पलंगाकडे बघत राहिले. मी त्यांना वर्गात शेकडो वह्या वाचताना पाहिलंय. कुणी आपली वही वाचतंय म्हणून घाम आलेला पहिल्यांदाच पाहिला.

वहिनींचा हात हलला. पेन्सिल हळूहळू, थरथरत, एकाच जागी फिरली. त्यांनी वही पुढे सरकवली. सरांनी ती घेतली, चष्मा वर केला, आणि त्यांचा चेहरा पडला.

"काढलीच एक."

"कुठे?"

"आकड्यात. आता आकड्यात काय चुकणार? चार म्हणजे चार. भार्गवीनं तपासलं होतं. थांबा, तिलाच फोन लावतो." ते खरंच खिशातला फोन काढून नंबर शोधू लागले.

मी वही हातात घेतली. मला तेलुगूचं एक अक्षर येत नाही, पण आकडे नेहमीचे इंग्रजीच होते. चारवर एक आडवी रेघ होती. वर, वाकड्या रेघांचा, डाव्या हाताने काढलेला पाच.

"सर, फोन ठेवा."

"अहो, पण ड्यूटीवर जायच्या आधी ती..."

"ठेवा म्हणते ना. ही चूक काढलेली नाही. वहिनींनी वेळ बदललीय."

सरांनी फोन खिशात टाकला, पण पटलेलं दिसेना. मी म्हटलं, "मे महिना आहे. चारला कट्ट्यावर ऊन असतं."

त्यांनी वही घेतली आणि पुन्हा वाचली. किती वेळ वाचत होते मला सांगता येणार नाही. एका आकड्याला एवढा वेळ लागू नये. मग त्यांनी पलंगाकडे वळून तेलुगूत काहीतरी विचारलं, अडखळत, दोनच शब्द. वहिनींनी डोळे मिटून घेतले होते. न उघडताच त्यांनी डाव्या हाताने, जरा वैतागून, हो म्हणून हात हलवला आणि पदर चेहऱ्यावर ओढून झोपल्या.

घड्याळात पावणेतीन वाजले होते. मी म्हटलं, "सर, बूट काढा निदान. सव्वादोन तास आहेत."

"असू देत," सर म्हणाले. खुर्ची पलंगाजवळ ओढून ते वही मांडीवर ठेवून बसले.

मी प्रमाणपत्रं उचलली. सह्या सोमवारी सकाळी घेईन म्हटलं, आणि दार हळूच ओढून घेतलं.