गिझरचं मत

हितेंद्र परबला एखादी गोष्ट पटली की ती घरच्यांच्या गळी उतरवल्याशिवाय चैन पडत नसे. या वेळी त्याला ब्लॉकचेन पटली होती.

लालबागच्या जुन्या चाळीच्या जागी उठलेल्या टॉवरमध्ये त्यांचं नवं घर. दाराचं कुलूप, फ्रीज, गिझर, दिवे, सगळं इंटरनेटला जोडलेलं. ते सगळं त्याने ब्लॉकचेनवर टाकलं.

"आता कुठलाही हॅकर येऊ दे," त्याने आईला, सुभद्राबाईंना सांगितलं. "इथे कुणी एक मुकादमच नाही, मग फोडणार कुणाला? प्रत्येक वस्तूकडे सगळ्या नोंदींची प्रत. निम्म्याहून जास्त वस्तू हो म्हणाल्या, तरच दार उघडणार."

"म्हणजे गावकीच की," सुभद्राबाई म्हणाल्या. "मग झाला कल्याण."

रविवारी त्याच्या बहिणीच्या, आकांक्षाच्या, होणाऱ्या सासरची माणसं प्रथमच घरी यायची होती. त्याआधी तिघं मायलेकरं मिठाई आणायला खाली उतरली. परत आली, तर कुलूप ढिम्म. मोबाइलवर अक्षरं उमटली: 'बहुमत नाही.'

"आई, निघताना काय केलंस?"

"मेन स्विच बंद केलंय. घरात कोण नाय, तर लाइट कोणासाठी जाळू?"

अख्खी सभा झोपली होती. जागे होते फक्त बॅटरीवरचं कुलूप आणि हितेंद्रचा मोबाइल. गिझरच्या मताला एवढी किंमत येईल, असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

"साधी चावी असेल ना, दादा?" आकांक्षाने विचारलं.

"आहे. चोराच्या हाती लागू नये म्हणून कपाटात ठेवलीय."

"आतल्या?"

तेवढ्यात लिफ्ट उघडली आणि आकांक्षाचा होणारा नवरा, अवधूत, आईवडिलांना घेऊन बाहेर आला.

आकांक्षाचा चेहरा उतरला. पण समोरच्या नलूकाकूंनी आवाज ऐकून पॅसेजमध्येच खुर्च्या मांडल्या. चहा आला, पोहे आले. अवधूतच्या आईचं माहेर वेंगुर्ल्याचं निघालं, तशी सुभद्राबाईंची मालवणी सुटली ती थांबेचना. सुतार सापडेपर्यंत लग्नाचा महिना ठरला. त्याने कुलूप उचकटलं, तरी आत जायला कुणी उठेना.

हितेंद्र एकटाच खाली बसून स्क्रू गोळा करत होता. अवधूतचे वडील हळूच त्याच्याजवळ आले.

"हे कुलूप कुठल्या कंपनीचं हो?" त्यांनी विचारलं. "आमच्याकडे पाहुणे फार येतात."