आधी कुणाला सुचलं?

परळच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शेवटच्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीला एक कल्पना सुचली. असं होऊ नये म्हणून महाविद्यालयाने आवश्यक ती सगळी खबरदारी घेतली होती. वेळापत्रक भरगच्च होतं, प्रयोगशाळेला दुपारीच कुलूप लागत असे आणि प्रकल्पांचे विषय मागच्या वर्षीच्या प्रकल्पांतूनच वाटले जात. तरीही हे घडलं. ते प्रा. सुमेधा रेडकर यांच्या देखरेखीखाली घडल्यामुळे पुढच्या सगळ्याची जबाबदारी साहजिकच त्यांच्याकडे आली.

विद्यार्थिनीचं नाव आकांक्षा तांबे. ती राहत होती त्या चाळीत शेजारच्या खोलीत कुशाबा नावाचे एक म्हातारे होते. गिरणी बंद पडली तेव्हापासून घरी. त्यांचं हृदय मधूनच ठोका चुकवायचं. पण तपासणीला रुग्णालयात नेलं की शहाण्या मुलासारखं सरळ चालायचं. आकांक्षाची आई कांताबाई त्याच रुग्णालयात परिचारिका. त्या म्हणायच्या, "ह्यांच्या छातीला दिवसभर काहीतरी बांधून ठेवायला पाहिजे, तेव्हा कुठे सापडेल." आकांक्षाने ठोके मोजणारा एक पट्टा बनवला. पण तो सतत मोजत राहायचा आणि दुपारपर्यंत त्याची बॅटरी मान टाकायची.

आता सतत मोजायची गरज नसते, हे सुमेधा गेली कित्येक वर्षं वर्गात शिकवत होती. बदलणाऱ्या गोष्टीकडे पुरेशा वेळा डोकावलं, की तुटक मापांवरून मधलं सगळं जसंच्या तसं जुळवता येतं. याला नमुनाकरणाचा सिद्धांत म्हणतात. मात्र डोकावायचं ते ठरावीक, सारख्या अंतराने, असं पुस्तकात लिहिलेलं होतं.

"मॅडम, सारख्या अंतरानेच का पण?" आकांक्षाने एकदा कँटीनमध्ये विचारलं. "दोन मापं पटकन घेऊ. मग झोपू दे ना मशीनला, दर वेळी उठवण्यातच बॅटरी जाते. उठलं की परत दोन. सरासरी तेवढीच पडते. मी गणित करून बघितलं, मधलं सगळं परत जुळतं."

सुमेधाने कागद ओढून घेतला. समोरचा मेदूवडा सांबारात बुडून फुगला, फुटला, तरी तिचं लक्ष नव्हतं. गणित बरोबर होतं. इतकं बरोबर होतं, की ते आपण कुठेतरी वाचलंय हे तिला आठवलं.

"आकांक्षा, हे अगदी बरोबर आहे," ती म्हणाली. "पण जुनं आहे गं. पन्नासच्या दशकात परदेशात छापून आलंय."

आकांक्षाचा चेहरा क्षणभर पडला. मग उजळला.

"म्हणजे नक्की बरोबर आहे ना? मग पट्टा बदलायला घेते."

नवा पट्टा दिवसरात्र टिकला. लालबागच्या बाजारात मसाल्याच्या दुकानासमोर उभे असताना कुशाबांचा ठोका चुकला आणि पट्ट्याने तो पकडला. डॉक्टरांनी आलेख बघून औषध बदललं. कुशाबा चाळीत सांगत सुटले, "पोरीने माझ्या छातीवर वॉचमन बसवलाय. दोनदा डोळे उघडतो, मग डुलकी काढतो. आपल्या गेटवरचा तर डोळे उघडतच नाही."

इथपर्यंत कोणाचीच तक्रार नव्हती. घोटाळा झाला तो आकांक्षाने प्रकल्पाच्या अहवालात लिहिलेल्या पहिल्याच वाक्याने. "ही कल्पना मला स्वतंत्रपणे सुचली, परंतु माझ्या आधी ती इतरांना सुचली होती, म्हणून तिचं श्रेय माझं नाही."

प्राचार्य डॉ. राजेश मिठबावकर यांनी हे वाक्य वाचलं आणि दोघींना बोलावून घेतलं.

"हे लिहायला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही, सर. खरं आहे म्हणून लिहिलं," आकांक्षा म्हणाली.

प्राचार्यांनी हे उत्तर थोडा वेळ तपासून पाहिलं आणि बाजूला ठेवलं. "असं बघा मॅडम, आपल्याकडे काम दोन प्रकारचं असतं. मूळ आणि उचललेलं. कल्पना आधी दुसऱ्याची होती, हे ही मुलगी स्वतः कबूल करते आहे. म्हणजे उचललेलं."

"पण सर, तिने तो जुना लेख वाचलाच नव्हता," सुमेधा म्हणाली.

प्राचार्यांनी चष्मा काढला. "न वाचता उचललं? हे तर अधिक गंभीर आहे."

"आणि तिने हे वाक्य लिहिलंच नसतं तर?"

"तर काम मूळ ठरलं असतं. आपण तिचा सत्कार केला असता."

आकांक्षाचा प्रकल्प रद्द होणार, वर्ष जाणार, हे सुमेधाला दिसायला लागलं. तिचा आवाज चढला. ती म्हणाली, की नमुनाकरणाचा मूळ सिद्धांतसुद्धा एकट्या कोणाचा नाही. इंग्लंड, अमेरिका, रशिया, जपान, जिथे तिथे माणसांना तो आपापला सुचला. कोणी कोणाचं चोरलं नाही. म्हणून तर त्याला प्रत्येक पुस्तकात वेगळं नाव आहे, आणि काही ठिकाणी सगळ्यांची आडनावं छोट्या रेघेने जोडलेली आहेत.

प्राचार्य खुर्चीत सरळ झाले.

"जोडलेली? म्हणजे एका सिद्धांताला कितीही नावं जोडता येतात?"

"तशी पद्धत आहे, सर."

"हे तुम्ही आधी का नाही सांगितलं?" प्राचार्य म्हणाले. प्रथमच ते आकांक्षाकडे बघून हसले. "बस बाळ. चहा घेणार?"

सुमेधा त्या दिवशी समाधानाने घरी गेली. मुलीचं वर्ष वाचलं होतं. आपण आयुष्यात पहिल्यांदा वरिष्ठांना एखादी गोष्ट पटवून दिली, असं तिला वाटलं, आणि ते दुर्दैवाने खरं होतं.

लगेचच 'पुनर्शोध श्रेय निश्चिती समिती' स्थापन झाली. परवानगी दिल्याशिवाय कोणतीही कल्पना महाविद्यालयाच्या आवारात सुचू शकत नाही, या तत्त्वावर सिद्धांताला जोडायचं पहिलं नाव प्राचार्यांचं आलं. आवार संस्थेचं असल्यामुळे त्याच्याही आधी संस्थेच्या अध्यक्षांचं आलं. विभागप्रमुख विनीत आजगावकर यांनी, प्रयोगशाळेची किल्ली आपल्याकडे असते आणि ती आपण एकदाही हरवली नाही, एवढंच नम्रपणे नमूद केलं. त्यांचं नाव तिसरं आलं. सुमेधाचं नाव 'मार्गदर्शन' म्हणून चौथं होतं. ते काढून टाका, असं सांगायला ती प्राचार्यांच्या दारापर्यंत गेली होती. पण तिच्या बढतीची फाइल आतमध्ये त्याच टेबलावर होती. दारावरची पाटी वाचून ती परत आली.

समितीने निःपक्षपातीपणासाठी हरकती मागवल्या. लालबागच्या एका मंडळाचा कार्यकर्ता अभय स्वतः हजर झाला.

"सर, दर्शनाच्या लाइनीत आम्ही वर्षानुवर्षं हेच करतो," तो म्हणाला. "दोघं सोडायचे, दोरी टाकायची. परत दोघं सोडायचे. सगळी गर्दी बरोबर पास होते. आमच्या मंडळाची आयडिया आहे ही. नाव आलं नाही तर पोरं नाराज होतील."

"त्यांच्या दोरीत गणित कुठे आहे?" सुमेधाने विचारलं.

"मॅडम, पोरं नाराज होतील असं ते म्हणताहेत," प्राचार्यांनी तिला समजावलं. मंडळाचं नाव पाचवं आलं.

मग गिरगावातून एक निवृत्त गृहस्थ आले. आपल्याकडे वैद्य नाडीवर बोट ठेवून दोन ठोके बघत आणि डोळे मिटत, म्हणजे हे ज्ञान आपल्याकडे पूर्वीपासूनच होतं, परक्यांनी ते नंतर शोधलं, असं त्यांचं म्हणणं होतं. पुरावा विचारताच त्यांनी डोळे मिटून दाखवले. समितीने त्यांचं नाव एकमताने घेतलं, कारण विरोध करणाऱ्याचं नाव इतिवृत्तात गेलं असतं.

सिद्धांताचं नाव सत्कारसोहळ्यासाठी रंगवायला घेतलेल्या फलकाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पोचलं तेव्हा आकांक्षाचं राहून गेल्याचं लक्षात आलं. जागा फक्त दोन अक्षरांची उरली होती. समितीने तिथे 'आदी' असं घातलं.

सुमेधा चिडून प्राचार्यांकडे गेली. यावेळी दार ओलांडून.

"सर, जिचं काम आहे ती 'आदी'त?"

"मॅडम, तुम्ही मराठीकडे लक्ष देत नाही," प्राचार्य शांतपणे म्हणाले. "आदि म्हणजे आरंभ. मूळ. सगळ्यांच्या मुळाशी तीच आहे, असंच आपण फलकावर मान्य केलंय. यापेक्षा मोठा मान काय असतो?"

"पण तो आदि वेगळा, सर. त्याची वेलांटी ऱ्हस्व असते."

"फलक रंगवून झालाय. वेलांटीसाठी आता समिती बसवायची का?"

समिती बसेल या धाकाने सुमेधा बाहेर पडली.

सोहळा दादरच्या एका सभागृहात ठरला. शोधाची वस्तू काचेच्या पेटीत ठेवणं आवश्यक होतं. संस्थेचे दोन कर्मचारी चाळीत गेले आणि त्यांनी कुशाबांच्या छातीवरचा पट्टा मागितला.

"अहो, पण तो चालू आहे," कुशाबा म्हणाले.

"म्हणूनच पाहिजे. बंद असलेला बरा दिसणार नाही."

"आणि मला काय झालं तर?"

"तुमचं नाव फलकावर नाही, आजोबा," त्यातला एक कळकळीने म्हणाला. "आमच्या हातात असतं तर घातलं असतं."

सभागृह भरलं. अध्यक्ष, प्राचार्य, विभागप्रमुख, मंडळ, गिरगावचे गृहस्थ, सगळ्यांना शाली मिळाल्या. सुमेधालाही मिळाली. शाल खांद्यावर पडताना तिने प्रेक्षकांत आकांक्षाला शोधलं. ती आणि कांताबाई शेवटून दुसऱ्या रांगेत होत्या. काचेच्या पेटीत पट्टा दोनदा लुकलुकत होता आणि थांबत होता. मोजायला आत काहीच नव्हतं.

प्रमुख पाहुणे नागपूरच्या एका महाविद्यालयाचे प्राचार्य होते. त्यांनी सगळ्यांचं अभिनंदन केलं आणि सहज म्हणाले, "अशी श्रेय निश्चिती समिती आमच्याकडेही आहे. बरीच जुनी. नावं जोडायची, शेवटी 'आदी' लिहायचं, थेट हीच पद्धत. आमचं अनुकरण मुंबईत होतंय, याचा आनंद आहे."

डॉ. मिठबावकर उभे राहिले. शाल घसरली, ती त्यांनी उचललीही नाही.

"अनुकरण? आम्ही तुमच्या समितीबद्दल एक अक्षर वाचलेलं नाही! आम्हाला हे स्वतंत्रपणे सुचलं! एकाच वेळी दोन ठिकाणी एकच गोष्ट सुचू शकत नाही का? यात चोरी कुठे आली?"

इतक्या कळवळ्याने बोलताना त्यांना कोणी पाहिलं नव्हतं. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. सुमेधाने बाजूला पाहिलं, तर विभागप्रमुखांचे डोळे भरून आले होते. तिने शेवटून दुसऱ्या रांगेकडे पाहिलं. तिथे दोन खुर्च्या रिकाम्या होत्या.

काही दिवसांनी आकांक्षा परळच्या पुलाखाली भेटली. घाईत होती. कुशाबांसाठी दुसरा पट्टा बनवून झाला होता, आधीपेक्षा हलका.

"यात काही वेगळं केलंस?" सुमेधाने विचारलं.

"हो मॅडम. विश्रांतीची वेळ बदलती ठेवलीय. ठोका गडबडला की मशीन लवकर उठतं."

सुमेधाच्या डोक्यात काहीतरी लखलखलं. हे तिने कुठेच वाचलेलं नव्हतं. "आकांक्षा, हे नवीन असू शकतं! याचा अहवाल लिही. मी बघते, कुणाला आधी..."

"नको मॅडम."

"अगं, पण का?"

"कुशाबाआजोबा अहवाल वाचत नाहीत," आकांक्षा म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, आणि तेच सुमेधाला जास्त लागलं. "आणि माझ्या ज्युनियर पोरी विचारतात, अहवालात काय लिहू नये. त्यांना मी ते पहिलं वाक्य दाखवते."

ती रस्ता ओलांडून गेलीसुद्धा. पुढच्या महिन्यात सुमेधाची बढती झाली.

त्या वर्षी महाविद्यालयातले सगळेच्या सगळे प्रकल्प मूळ निघाले. एकाही विद्यार्थ्याने कोणाचं ऋण मान्य केलं नाही. बाहेरून आलेल्या तपासणी पथकाने याची खास दखल घेतली.

समितीचं कामकाज अर्थातच चालू आहे. ही हकिगत वाचताना 'यात नवीन काय, हे तर आमच्या ऑफिसात रोज बघतो' असं ज्यांच्या मनात आलं, त्या सर्वांना ती स्वतंत्रपणे सुचली होती असं समितीने मान्य केलं आहे. त्यांनी फक्त एवढंच कळवायचं आहे, की रोज बघत होतात तेव्हा तुम्ही कितव्या रांगेत होतात आणि टाळ्या एका हाताने वाजवल्यात की दोन्ही.