गायकवाडकाकांच्या साली

गायकवाडकाका आमच्याकडे आले की चहा नको म्हणतात आणि केळ्याच्या साली मागतात.

काळेवाडीत आमच्या वरच्या मजल्यावर ते एकटेच राहतात. सगळी नोकरी एका प्लेटिंगच्या कारखान्यात, लोखंडाला निकेलचा मुलामा चढवण्यात गेली. निवृत्तीनंतर त्यांनी कुठेतरी वाचलं, की सालीची पूड पाण्यातलं निकेल धरून ठेवते. तेव्हापासून "साल फेकायची न्हाई, राव!" हे वाक्य आमच्या जिन्यात रोज घुमतं. भीमजयंतीला मंडळाने केळी वाटली, तर काका पोतं घेऊन हजर. प्रमुख पाहुणे अर्धं केळं हातात धरूनच भाषणाला उठले, तेव्हा हेही त्यांच्या मागोमाग व्यासपीठावर!

साली गच्चीवर वाळायच्या. चिलटांची तक्रार झाली. काका म्हणाले, "चिलटं दोन दिसांची पाहुणी. निकेल कायमचं."

मी चाकणच्या एका कंपनीत सांडपाणी तपासतो, त्यामुळे काकांच्या पाण्याच्या बाटल्या तपासणं माझ्या गळ्यात. मुलाम्यानंतर लोखंड धुतलेलं पाणी, म्हणजे धुवण, काका रफिकभाईंच्या छोट्या प्लेटिंग शेडमधून आणायचे आणि त्यात पूड ढवळायचे. पहिली बाटली तांबूस निघाली. निकेल होतं तेवढंच.

"काका, हा नुसता चहा झालाय."

ते रागावले नाहीत. रंग सुटायचा थांबेपर्यंत पूड गरम पाण्याने धुतली, पुन्हा वाळवली. अशा कितीतरी बाटल्या झाल्या. मागच्या आठवड्यातल्या बाटलीत मात्र निकेल नावापुरतं उरलं. मला वाटलं, ऐकून काका नाचतील.

"पिता येईल?" त्यांनी विचारलं.

"छे, छे."

"भाजी धुवायला?"

"तेही नको. पण ओढ्यात जाणारं विष तरी कमी होईल."

ते खाटेवर बसले. "आमच्या कारखान्यामागं ओढा होता. धुवण आमी त्यातच सोडायचो. खालच्या अंगाला एक म्हातारी मेथी धुवायची. सुटी झाली की एक जुडी माझ्या हातात द्यायची. मी ती घरी कधी आणली न्हाई. वळणावर फेकून द्यायचो."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

"व्हय." काका म्हणाले. "तिला मातर एकदाबी सांगितलं न्हाई. दुसऱ्या दिवशी परत हसून जुडी घ्यायचो."

सोमवारपासून काका रफिकभाईंच्या शेडवर जातात. पुडीचं पिंप स्वतः ढवळतात. पाणी गाळून बाहेर सोडलं, की पाणी संपेपर्यंत त्या पाइपापाशी उभे राहतात.